आधी चालणाऱ्याला जागा द्या : ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्या घराबाहेरच्या रस्त्यावर तुम्हाला बिनधास्त चालता येतं का, आणि गाडीशिवाय तुमचा दिवस निभतो का. पत्रं भरपूर आली, मेल आले, काहींनी तर फुटपाथचे फोटो पाठवलेत. जवळपास प्रत्येक पत्रात कुठे ना कुठे "आपल्या लोकांना शिस्तच नाही" हे वाक्य आहेच. मला ते पटत नाही. माणूस रस्त्यावर कसा वागतो ते बरचसं रस्ता कसा बांधलाय त्यावर ठरतं, आणि आपले रस्ते गाडी नजरेसमोर ठेवून बांधलेत, चालणारा उरलेल्या जागेत. खालची उत्तरं याच अंगाने वाचा. पाठवणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत, फक्त गाव-सेक्टर दिलाय.

नौपाडा, ठाणे येथून एक आजी विचारतात : मी ७४ वर्षांची आहे. रोज सकाळी तलावपाळीला फिरायला जायचे. आता मुलगा म्हणतो आई नको जाऊस, पडशील. फुटपाथ आहे पण एवढा उंच की गुडघ्यांनी चढवत नाही, आणि चढलं तरी चार पावलांवर काहीतरी आडवं येतं. म्हणून खालून कडेने चालते तर मागून बाइकवाले हॉर्न मारतात. फुटपाथवर चालायचा आमचा काही हक्क आहे की नाही?

आजी, हक्क आहे, आणि साधासुधा नाही. मे २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की चालण्यासाठी मोकळा आणि नीट वापरता येईल असा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच प्रकरणात ऑक्टोबर २०२५ मधे कोर्टाने राज्यांना पायी चालणाऱ्यांसाठीचे नियम सहा महिन्यांत करायला सांगितले. म्हणजे तुम्ही वॉर्डात जाऊन बोलाल तेव्हा उपकार मागत नसाल, हे मनात पक्कं ठेवा.

आता उंचीचं. इंडियन रोड्स काँग्रेसची पायी चालणाऱ्यांच्या सोयींसाठी वेगळी नियमावली आहे, आयआरसी १०३ नावाची. तिच्यात फुटपाथची उंची रस्त्यापासून १५० मिलीमीटरच्या वर नको, म्हणजे सहा इंच, आणि काहीही अडथळा नसलेली चालायची पट्टी किमान १.८ मीटर हवी, बाजारपेठेत त्याहून जास्त. परवा मी गोखले रोडच्या आसपास मुद्दाम एक तुकडा बघत बघत चालले. आधी दुकानाची पायरी पुढे आलेली, मग लाइटचा डीपी, मग झाडाभोवतीचा कट्टा, त्याच्यापुढे उघड्या चेंबरवर ठेवलेली फरशी, आणि मग सोसायटीचं गेट आलं की फुटपाथ सरळ तोडलेला, गाडी आत जायला उतार हवा म्हणून, तिथे आपण खाली उतरायचं, गेट ओलांडायचं, परत वर चढायचं, पुढचं गेट वीस पावलांवर, परत तेच. गुडघे दुखणारा माणूस हे का करेल, तो रस्त्यावरून चालणार, आणि मग लोक म्हणणार की फुटपाथ असून वापरत नाहीत. खरं तर गेटपाशी फुटपाथ सलग एका पातळीत राहायला हवा आणि गाडीने हळू होऊन त्यावरून चढून जायला हवं. चढायचं काम इंजिनाला द्यावं, गुडघ्याला नाही.

करायचं काय, तर नातवाला मोजपट्टी घेऊन सोबत न्या. कुठे उंची किती, कुठे रुंदी किती उरलीय, फोटो काढा, जवळच्या दुकानाची किंवा खांबाची खूण लिहा. "फुटपाथ खराब आहे" या तक्रारीला उत्तर द्यायला सोपं असतं, "अमुक इमारतीसमोर उंची ११ इंच, मोकळी रुंदी दीड फूट" याला उत्तर द्यायला कुणीतरी जागेवर यावं लागतं. आपले सरकार पोर्टलवर टाका, प्रभाग समितीत लेखी द्या आणि पोच घ्या, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्यात अर्ज कसा करायचा तेही विचारून ठेवा. एकट्याने नको, तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या लेटरहेडवर द्या. आणि आजी, फिरणं बंद करू नका. तुम्ही घरात बसलात तर तो रस्ता बरा आहे असंच सगळ्यांना वाटत राहील.

कोपरखैरणे, नवी मुंबई येथून एक आई : मुलगी दुसरीत आहे. शाळा सुटायच्या वेळेला गेटवर गाड्या, स्कूलबस, रिक्षा, स्कूटर, सगळं एकदम. गेल्या महिन्यात एक गाडी रिव्हर्स घेताना तिच्या दप्तराला लागली, ती पडली, नशीब फक्त खरचटलं. शाळा म्हणते बाहेरचा रस्ता आमचा नाही, पोलीस म्हणतात पालकांनाच सांगा. आम्ही काय करायचं?

ताई, वाचून अंगावर काटा आला. मुलगी बरी आहे हे सगळ्यात महत्त्वाचं. या प्रश्नावर जरा सविस्तर लिहिते कारण अशी पत्रं तुमच्या एकटीची नाहीत, वाशीहून, ऐरोलीहून, ठाण्यात वर्तकनगरहून पण आहेत.

पहिली गोष्ट स्पीड. ताशी ५० ने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे जाते. समोर मूल आलं हे दिसून ब्रेकवर पाय दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच, कितीही चांगला ड्रायव्हर असू दे. ३० ने जाणारी गाडी त्या सेकंदात ८ मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर पुढच्या पाच मीटरमधे उभी राहते, म्हणजे एकूण १३ मीटर. आता विचार करा, १३-१४ मीटरवर मूल धावत आलं. तिशीतली गाडी त्याच्या अलीकडे थांबली. पन्नाशीतल्या गाडीने अजून ब्रेकच लावलेला नाही, ती पूर्ण ५० ने जाऊन धडकणार. फरक फक्त वीसचा दिसतो, पण एका मुलाला काहीच होत नाही आणि दुसरं वाचेल की नाही सांगता येत नाही. म्हणूनच २०२० च्या स्टॉकहोम परिषदेत जगभरच्या देशांनी मान्य केलं की जिथे माणसं आणि गाड्या एकत्र येतात तिथे कमाल वेग ३० असावा.

पण नुसता "३०" चा बोर्ड लावून वेग कमी होत नाही, रस्ता रुंद आणि मोकळा दिसला की पाय ॲक्सिलरेटरवर जातोच. म्हणून शाळेच्या गेटसमोर मागायचं ते टेबल-टॉप क्रॉसिंग. म्हणजे काय, तर झेब्रा क्रॉसिंगचा अख्खा पट्टा फुटपाथच्या उंचीला उचललेला, दोन्ही बाजूंनी गाड्यांसाठी हलका उतार. मुलं खाली उतरतच नाहीत, फुटपाथवरून चालत आल्यासारखी पलीकडे जातात, आणि गाडीला हळू झाल्याशिवाय गत्यंतर नाही. त्या रबरी पट्ट्या ठोकतात ना, ज्यांचे खिळे चार महिन्यांत वर येतात, त्या घेऊ नका.

दुसरं, शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास गेटसमोरचा तुकडा गाड्यांना बंद. पॅरिससारख्या शहरांत शाळांसमोरचे कितीतरी रस्ते असे बंद केलेत. कोपरखैरण्यात सेक्टरच्या आतले रस्ते एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एक तुकडा अर्धा तास बंद केला तर कुणाचं अडत नाही. अधिसूचना वाहतूक पोलीस काढू शकतात, पण मागणी शाळा आणि पालक संघ दोघांच्या सहीने गेली तर तिला वजन येतं. "रस्ता आमचा नाही" म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांना सांगा की रस्ता तुमचा नसेल पण मुलं तुमचीच आहेत.

तिसरं तुमच्याच हातात आहे. गेटवरच्या गाड्या कुणाच्या असतात, पालकांच्याच ना. आसपासच्या दोन-तीन सेक्टरमधल्या मुलांची पायी बस करा. रूट ठरलेला, थांबे ठरलेले, वेळ ठरलेली, रोज दोन पालक पाळीने, एक पुढे एक मागे, मुलं मधे. नवी मुंबईची आखणी करताना सिडकोचा विचारच असा होता की सेक्टरमधल्या लहान मुलांना प्राथमिक शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असावी. नंतर आपणच लांबच्या नावाजलेल्या शाळांच्या मागे लागलो आणि सकाळी अर्धं शहर उलट्या दिशेने न्यायला लागलो. शाळा निवडताना फी आणि बोर्ड विचारतो तसं अंतरही विचारावं असं मला फार वाटतं.

हॉलंडचं उदाहरण लोक नेहमी देतात, सायकलींचा देश म्हणून, जणू तिथे आधीपासून तसंच होतं. नव्हतं. १९७१ मधे त्या छोट्याशा देशात रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त लहान मुलं. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, "मुलांचे खून थांबवा" ही त्यांच्या चळवळीची घोषणाच होती, त्यात १९७३ चं तेलसंकट आलं, आणि तिथून त्यांचे रस्ते बदलायला लागले.

आणि जाता जाता ज्यांच्या घरी नववी-दहावीतली मुलं क्लासला स्कूटर घेऊन जातात त्यांच्यासाठी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलंय. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. कायदा बाजूला ठेवला तरी ते मूल आपलं आहे.

कासारवडवली, ठाणे येथून : वय ३१. घोडबंदर रोडला फ्लॅट घेतलाय, ऑफिस ऐरोलीला, बायकोची नोकरी ठाणे स्टेशनजवळ. सगळे म्हणतात घोडबंदरला राहून गाडी नाही म्हणजे कसं व्हायचं. पण तो ट्रॅफिक बघूनच जीव नको होतो. गाडी घेऊ का नको?

आधी हिशोब करूया. सात लाखांचं लोन, नऊ टक्के, पाच वर्षं, म्हणजे ईएमआय साडेचौदा हजारांच्या आसपास. कासारवडवली ते ऐरोली जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर धरा, आणि आपल्या ट्रॅफिकमधे गाडी लिटरला बारा दिली तरी खूप, म्हणजे रोज तीन लिटर, महिन्याचे साडेसहा हजार. इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, टायर, सोसायटीचं पार्किंग, ऑफिसजवळचं पार्किंग मिळून दोन-तीन हजार महिन्याला सहज. बेरीज तेवीस-चोवीस हजारांवर जाते, आणि एवढं देऊन मिळतं काय, तर कापूरबावडीच्या कोंडीत एसी लावून बसायला. त्याऐवजी बसने किंवा शेअर रिक्षाने ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्स-हार्बरने ऐरोली. ठाणे-वाशी मार्ग २००४ पासून आहे आणि ऐरोली ठाण्यापासून जवळच्याच स्टेशनांत. पावसात, रात्री उशिरा, आईबाबांना डॉक्टरकडे न्यायचं असेल तेव्हा बिनधास्त कॅब करा, महिन्याला पाच हजारांच्या कॅब केल्यात तरी बरेच पैसे उरतील.

खरी अडचण मला माहितीय, ती घर ते स्टेशन या पट्ट्यात आहे. बस वेळेवर येईल याचा भरवसा नाही, स्टॉपवर शेड नाही, सर्व्हिस रोड ओलांडताना जीव मुठीत. मेट्रो ४ कासारवडवलीवरून गायमुखकडे जाते, ती पूर्ण चालू झाली की चित्र बदलेल, पण मेट्रोच्या जिन्यापासून तुमच्या गेटपर्यंत फुटपाथ नसेल तर लोक परत गाडीच काढतील. म्हणून आत्तापासून तुमच्या आणि शेजारच्या सोसायट्यांनी मिळून तेवढ्या एका पट्ट्याची मागणी लावून धरा.

आणि गाडी घेतलीत तरी तुम्हाला कुणी पापी म्हणणार नाही. लहान बाळ आहे, घरी आजारी माणूस आहे, रात्रपाळी आहे, अशा घरांना लागते गाडी. गाडी असण्याला माझा विरोध नाही, पण गाडीशिवाय दूध सुद्धा आणता येऊ नये अशी वस्ती बांधणं चूक आहे आणि ते बदलायला हवं.

माजिवडा, ठाणे येथून एक काका : सायकल, फुटपाथ हे परदेशात ठीक. इथे ट्रॅफिक एवढा आहे, त्यात अवजड ट्रेलर घुसतात, की रस्ते रुंद करा आणि अजून फ्लायओव्हर बांधा, दुसरा इलाज नाही. घोडबंदरचे सर्व्हिस रोड मेन रोडमधे घ्यायचं काम निघालं ते मला तरी योग्य वाटतं. तुमचं मत?

काका, तुमचा वैताग समजतो. माजिवड्याला संध्याकाळी सातला अडकलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार. पण रस्ता रुंद केला की काही दिवस मोकळा वाटतो, मग जे लोक कोंडीला घाबरून ट्रेनने जात होते ते गाडी काढतात, पुढे अजून लांब टॉवर उभे राहतात, आणि दोन-चार वर्षांत परत तेच. अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे बघा, २००८ पर्यंत रुंद करत करत काही ठिकाणी सव्वीस लेनवर नेला, आणि २०११ ते २०१४ मधे गर्दीच्या वेळेला लागणारा वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. त्यांच्याकडे जमीन आणि पैसा दोन्ही आपल्याहून जास्त, तरी जमलं नाही.

भारत सरकारचं २००६ चं शहरी वाहतूक धोरण स्पष्ट म्हणतं की रस्त्याची जागा वाहनांना बघून नाही, माणसांना बघून वाटा. त्या हिशोबाने बघा. एका लेनमधून खासगी गाड्यांनी तासाला साधारण ६०० ते १६०० माणसं जातात, तीच लेन बससाठी राखून ठेवली आणि बस भरपूर सोडल्या तर ४००० ते ८०००. जागा तेवढीच. ठाण्यात टीएमटी १९८९ पासून आहे, तिच्या बसेस त्याच कोंडीत गाड्यांच्या मागे उभ्या असतात, मग लोक म्हणतात बस वेळेवर येत नाही. तिला एक मोकळी लेन द्या आणि मग बघा.

तुमचं एक म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य. घोडबंदरची निम्मी डोकेदुखी अवजड वाहनांची आहे, उरणच्या बंदरातून आणि भिवंडीच्या गोदामांकडून गुजरातला जाणारे ट्रेलर घरांच्या मधून जातात. त्यांना वेगळा मार्ग आणि वेळेची बंधनं हवीच, ते काम फुटपाथने होणार नाही. पण सर्व्हिस रोडबद्दल नाही पटत हो. सर्व्हिस रोडवर शाळेची बस थांबते, भाजीवाला उभा असतो, म्हातारी माणसं रिक्षातून उतरतात. तोच मेन रोडमधे गेला तर सोसायटीच्या गेटमधून पाऊल टाकलं की समोर कंटेनर. घ्यायचाच असेल तर आधी रुंद फुटपाथ, बसस्टॉपची जागा आणि सिग्नलचं क्रॉसिंग बांधा, मग उरलेल्या जागेत लेन मोजा.

दिघा, नवी मुंबई येथून (पत्र मुलीने लिहून दिलंय) : माझी आई एमआयडीसीत कामाला जाते. ठाणे-बेलापूर रोड रोज दोनदा ओलांडते. पूल आहे पण लांब आहे आणि चढायला त्रास होतो, म्हणून सगळ्या बायका मधल्या दुभाजकातून जातात. लोक ओरडतात, अक्कल नाही का म्हणतात. तिला मी पुलावरूनच जा म्हणते पण ती ऐकत नाही.

बाळा, आईला रागावू नकोस. ती दिवसभर उभं राहून काम करते. गाड्यांसाठी रस्त्याच्या वर पाच-साडेपाच मीटर उंची सोडावी लागते, म्हणजे पूल चढायचा तर सहा इंची चाळीसेक पायऱ्या, तेवढ्याच उतरायच्या, शिवाय पुलापर्यंत चालत जायचं आणि पलीकडून परत मागे यायचं. समोर दिसणाऱ्या कंपनीच्या गेटला जायला हा सगळा वळसा. आणि सकाळी अंधारात रिकाम्या पुलावरून एकटीने जायची बाईला भीती वाटते हेही लिहायला हवं, ते कुणी मोजतच नाही. गाडीतल्या माणसाने सीटवर बसून अर्धा मिनिट थांबायचं की कामावरून दमून आलेल्या बाईने ऐंशी पायऱ्या करायच्या, यात न्याय कशात आहे ते तूच सांग.

जिथे दुभाजकाची जाळी परत परत तोडलेली दिसते ती जागा म्हणजे लोकांनी सांगितलंय की आम्हाला इथे ओलांडायचंय. तिथे वेल्डिंग करून जाळी उंच करण्यापेक्षा तिथेच सिग्नलचं क्रॉसिंग हवं, मधे दुभाजकावर उभं राहायला नीट जागा हवी, आणि माणसांना पुरेल एवढा हिरवा दिवा हवा. तो किती, याचाही हिशोब आहे. सिग्नल लावताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. ३० मीटर रुंदीचा रस्ता असेल तर २५ सेकंद झाले. पण वयस्कर बाई, हातात डबा आणि पिशवी, सेकंदाला ०.८ मीटर चालते, तिला ३७-३८ सेकंद लागतात. सिग्नल पंचवीसचा असेल तर ती शेवटच्या लेनमधे असताना गाड्या सुटणार.

२०२२ मधे देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले ३२,८२५ पायी चालणारे होते. दिवसाला नव्वद. यातल्या बहुतेकांकडे गाडी नसेल, रस्त्यावरची कोंडी त्यांनी केलेली नव्हती.

तू लिहायला शिकलीयेस तर असं कर. आईबरोबर जाणाऱ्या बायकांच्या सह्या घे, किती वाजता किती जणी ओलांडतात ते लिही, कंपनीच्या मॅनेजरची सही मिळाली तर उत्तम कारण कामगार त्यांचेही आहेत, आणि अर्ज महापालिका आणि वाहतूक पोलीस दोघांना दे. आमच्याकडेही एक प्रत पाठव, पुढच्या अंकात छापू.

राम मारुती रोड, ठाणे येथून एक दुकानदार : माझं कपड्यांचं दुकान आहे. रस्ता चालणाऱ्यांसाठी करा असं तुम्ही लिहिता, पण दुकानासमोरचं पार्किंग गेलं तर गिऱ्हाईक मॉलला जाईल. आमच्या पोटाचं काय?

भाऊ, तुमची काळजी खोटी नाही, धंदा बसला तर रस्ता सुंदर होऊन काय उपयोग. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. एक आठवडा बिल करताना प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारा, कसे आलात, चालत, बसने, रिक्षाने, स्कूटरने की कारने. स्टेशनपासून चालत येण्याच्या अंतरावरचा बाजार आहे तुमचा, कारने येणारे तुम्हाला वाटतं त्याहून बरेच कमी निघतील असा माझा अंदाज आहे. आणि तुमच्या दारात उभी असलेली कार खरंच गिऱ्हाइकाची आहे का तेही बघा, पुष्कळदा ती वरच्या ऑफिसवाल्याची किंवा शेजारच्या दुकानमालकाचीच असते, सकाळी लावलेली संध्याकाळी निघते. एका कारला साडेबारा चौरस मीटर जागा लागते. सणाच्या दिवसांत तेवढ्या जागेत दहा-पंधरा बायका उभ्या राहून तुमच्या शोकेसमधल्या साड्या बघतील.

चेन्नईच्या पाँडी बाजारात, तोही कपड्यांचाच बाजार, २०१९ मधे पार्किंग कमी करून रुंद फुटपाथ केले. पुण्यात लक्ष्मी रोड ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात, २०२१ पासून. तुमच्या संघटनेने दिवाळीआधीचा एखादा रविवार असा करून बघावा. कारने येणाऱ्यांना गावदेवी मैदानाखालच्या पार्किंगचा रस्ता दाखवणारे बोर्ड लावा, माल उतरवायला टेम्पोची सकाळची वेळ राखून ठेवा, अपंग आणि वयस्कर गिऱ्हाइकांना दारापर्यंत गाडी आणायची सोय ठेवा. आणि फेरीवाल्यांना हाकला अशी अट मात्र घालू नका. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने त्यांनाही जागा मिळायला हवी, चालायची पट्टी सोडून नीट आखून दिलेली, आणि रात्री नऊला रस्त्यावर गजरेवाली बसलेली असते म्हणून बायका निर्धास्त चालतात.

नेरूळहून : पाम बीच रोडवर सायकल चालवणं सुरक्षित आहे का?

पहाटे ग्रुपने जाणारे जातात, पण मी कुणाला सुचवणार नाही. सरळ, रुंद रस्ता, गाड्या सुसाट, आणि मधे काही आडोसा नाही, तिथे रंगवलेल्या पट्टीचा उपयोग नसतो, कठडा असलेला वेगळा ट्रॅक हवा. व्यायामासाठी खाडीच्या कडेचं 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' उद्यान बरं. रोजच्या कामाला मात्र सेक्टरमधले रस्ते वापरा, नेरूळ-सीवूड्स सपाट आहे, अंतरं छोटी आहेत, स्टेशनपर्यंत सायकल एकदम सोयीची. स्टेशनला सायकल लावायला साखळी अडकवता येईल असे स्टँड आणि वर छप्पर, एवढं मागा.

घणसोलीहून : पावसाळ्यात माझे मिस्टर खड्ड्यात स्कूटर जाऊन पडले, हात मोडला, दोन महिने घरी. ज्यांचा रस्ता आहे ते म्हणतात दुसऱ्याचा आहे. काही भरपाई मिळते का?

मिळू शकते. मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मधे खड्ड्यांच्या प्रकरणात सांगितलंय की खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख, आणि जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख द्यायचे. त्यासाठी समिती आहे, महापालिकेच्या हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव तिच्यात असतात. तुम्ही ठाणे जिल्ह्यात येता, तर ठाण्याच्या कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जाऊन अर्जाबद्दल विचारा. रस्ता नक्की कोणाचा हे शोधायचं काम तुमचं नाही, अर्जात सगळ्यांची नावं टाका. सोबत हॉस्पिटलची कागदपत्रं, एक्स-रे, बिलं, दोन महिन्यांच्या बुडलेल्या पगाराचं पत्र, पोलिसांत नोंद केली असेल तर ती, नसेल तर आता तरी करा, आणि खड्ड्याचा फोटो. खड्डा एव्हाना बुजवला असेल तर समोरच्या दुकानदाराकडे तेव्हाचं सीसीटीव्ही फुटेज अजून आहे का ते आजच विचारा, ते पुसलं जायच्या आत.